भिंतीवर ठोकलेला बेस

जळगावातल्या एका वाद्यांच्या दुकानात दिपाताईंनी पोकळ बॉडीचा बेस गिटार मागितला, तेव्हा दुकानदाराने त्यांच्यासमोर गुलाबी रंगाचं युकुलेले ठेवलं. वर म्हणाला, "ताई, हे घ्या. हलकं आहे. लेडीजच्या हातात छान दिसतं."

मी शेजारीच उभा होतो. माझं डोकं तेव्हा जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

दिपमाला नेहेते. वय सत्तेचाळीस. मगनभाऊंच्या ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं बेस वाजवला. मी योगेंद्र, त्याच ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर. जळगावपासून धुळ्यापर्यंत आम्ही हळदी केल्या, साखरपुडे केले, नवरात्रं केली, पुढाऱ्यांचे वाढदिवस केले. त्यातल्या कुठल्याही कार्यक्रमात निवेदकाने ताईंचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. गायकांचं घ्यायचा, ढोलकीवाल्याचं घ्यायचा, माझं घ्यायचा, जनरेटरवाल्याचेसुद्धा आभार मानायचा.

ताई मूळच्या वरणगावच्या. वडील कौतिक आबा ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला आणि कॉलनीच्या गणेशोत्सवात गिटारवर. ताई बारावीत असताना आबांच्या ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्याची बदली झाली. जाताना तो आपला बेस आबांकडे ठेवून गेला. गणपती पंधरा दिवसांवर आलेले. आबा म्हणाले, "दिपे, चारच तारा आहेत. बसव हात." ताईंनी बसवला. बोटांना फोड आले, फुटले, परत आले. गणपतीच्या पाचव्या दिवशी त्या स्टेजवर उभ्या राहिल्या तर खालून एक काकू ओरडल्या, "अगं पोरी, गाणं म्हण ना!"

हे 'गाणं म्हण ना' पुढे तीस वर्षं त्यांच्या मागे लागलं. कुठल्याही गावात जा, स्टेजवर बाई दिसली की यजमान विचारणार, "ताई, तुमचं गाणं कितवं?" ताई सांगणार, "मी गात नाही. मी बेस वाजवते." मग तो मान डोलावणार आणि पुन्हा विचारणार, "हो हो, पण गाणं कोणतं?"

गेल्या फेब्रुवारीत नशिराबादला हळदीचा कार्यक्रम होता. तिसऱ्या तासाला ताईंच्या बेसचे सूर अर्धवट यायला लागले. मी वळून पाहिलं तर त्यांच्या डाव्या हाताची बोटं तारेवर होती, पण तार दाबली जात नव्हती. चेहरा पांढरा पडलेला. मी खुणेने विचारलं, थांबायचं का? त्यांनी मान हलवली. उरलेली गाणी त्यांनी कशी काढली हे त्यांनाच माहीत. नवऱ्या मुलाच्या मित्रांनी तीच ती गाणी तीन-तीन वेळा लावायला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, खांद्यातली नस दबली आहे. साडेचार किलोचं लाकूड पट्ट्याने खांद्याला टांगून चार-चार तास उभं राहायचं आता बंद.

ही बातमी सांगायला ताई मगनभाऊंच्या ऑफिसात आल्या. मगनभाऊ माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी म्हणाले, "ताई, तुम्ही आराम करा. योगेंद्रचा डावा हात तसाही मोकळाच असतो, तो कीबोर्डवर बेस काढेल. नाहीतरी बेस कोणाला ऐकू येतो?"

बावीस वर्षं! ताई तिथे ठेवलेली आपली केबल गुंडाळत राहिल्या. मी काही बोललो नाही, आणि या साऱ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग त्याच गोष्टीचा येतो.

महिनाभर मी डाव्या हाताने बेस वाजवला. कीबोर्डवर बटण दाबलं की सूर निघतो, सोडलं की मरतो. ताईंचा बेस ढोलकीच्या किंचित मागे चालायचा, गाण्याला कंबर असल्यासारखी वाटायची. माझा बेस घड्याळासारखा. आमची गायिका हेमांगी तिसऱ्याच कार्यक्रमात वैतागून म्हणाली, "योगेंद्र, पाय कुठे टेकवू तेच कळत नाही रे मला." लोकांनी मात्र एका शब्दाने तक्रार केली नाही. नाचायचे ते नाचत होते. एका रविवारी मला हे सहन होईना, तेव्हा मी ताईंच्या घरी गेलो.

त्या खुर्चीत बसल्या होत्या. जुना बेस मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवलेला. दहा मिनिटं वाजवायच्या, हात झटकायच्या, परत वाजवायच्या. मी म्हणालो, "ताई, पोकळ बॉडीचे बेस असतात. निम्म्या वजनाचे. सारंगीसारखं पोट असतं त्यांना."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. जिव्हाळ्याच्या माणसाशी किंवा रागात बोलल्या की त्यांची गावाकडची बोली वर येते. मग त्यांनी मला भुसावळची गोष्ट सांगितली. त्या अठरा वर्षांच्या असताना आबा त्यांना नाताळाच्या दिवसांत तिथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन गेले होते. रेल्वेतले गोरटेले म्हातारे अँग्लो-इंडियन गार्ड-ड्रायव्हर बायकांना घेऊन नाचत होते आणि कोपऱ्यात एक जण खुर्चीत बसून तसला बेस वाजवत होता. "मडक्यात तोंड घालून कोणी हळूच बोलावं ना, तसा आवाज. कानाला नाही, पोटाला ऐकू येत होता. घरी आल्यावर मी आमच्या बेसवर आठ दिवस तो आवाज शोधला. निघालाच नाही. भरीव लाकडात तो नसतोच." मग म्हणाल्या, "हलका पाहिजे, पण नुसता हलका नको. तो आवाज पाहिजे. आणि मांडीवर नीट बसला पाहिजे. माझ्या वयाच्या बाईला नीट बसून वाजवता येईल असं वाद्य मागणं म्हणजे काय लाड आहेत का?"

तर आम्ही निघालो शोधायला. पहिल्या दुकानातलं युकुलेले सांगून झालं. दुसऱ्या दुकानात एक भरीव बेस होता, दुकानदार तोच आग्रहाने दाखवत होता. ताई म्हणाल्या, पोकळ पाहिजे. तो म्हणाला, "मुलगा वाजवतो का तुमचा? त्यालाच घेऊन या ना, त्याला कळेल बरोबर." ताईंनी तो बेस उचलला, खुर्ची ओढली, आणि दोन मिनिटं असा काही वाजवला की दुकानातलं गिऱ्हाईक थांबून ऐकायला लागलं. दुकानदार टाळ्या वाजवत म्हणाला, "अरे वा! मग हाच घ्या की." म्हणजे त्याने अजूनही ऐकलेलं नव्हतं, त्यांना काय पाहिजे ते. धुळ्याच्या दुकानदाराने फोनवरच सांगितलं, तसला माल खान्देशात चालत नाही. चालत नाही म्हणजे काय? आणून कधी पाहिलाय?

शेवटी ऑनलाइन मागवला. फोटोत सुंदर, लालभडक, चकचकीत. खोकं उघडल्यावर ताईंनी तो मांडीवर घेतला आणि हात सोडला, तर त्याची मान तराजूच्या पारड्यासारखी खाली गेली. पोट इतकं हलकं आणि मान इतकी जड की डाव्या हाताने ती सतत उचलून धरावी लागायची. म्हणजे दुखरा हातच आणखी दुखणार. आवाज तर रिकाम्या तेलाच्या डब्याचा. ताईंनी तक्रारीसाठी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, घरात जे वाजवणारे सर आहेत त्यांच्याकडे फोन देता का?"

ताईंनी फोन ठेवला. परत पाठवायची मुदत त्या रागातच निघून गेली. तो लाल बेस कपाटावर पडला.

मे महिन्यात धुळ्याकडे एका साखरपुड्याचं काम होतं. ताई वाजवणार नव्हत्या, पण मुलीकडचे त्यांच्या नात्यातले होते, म्हणून आमच्याच गाडीत आल्या. परतताना दुपारी आम्ही धुळ्याबाहेर हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात जेवायला थांबलो. आत एक अख्खी भिंत वाद्यांनी सजवलेली. फुटकी हार्मोनियम, दोन सनया, एक क्लॅरिनेट, एक मोडका ताशा. आणि मधोमध, पिवळ्या दिव्यांच्या माळेत, बेस.

ताई ताट सोडून उठल्या. मी मागे गेलो. पोकळ बॉडीचाच होता. तपकिरी, कडांना काळपट झालेला, दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारखी वळणदार भोकं. त्या भोकांतून वायर आत घालून पोटात दिवे बसवले होते. आणि त्याला भिंतीवर टांगलेलं नव्हतं. समोरून आरपार तीन स्क्रू मारून ठोकलेलं होतं. एक मानेजवळ, दोन पोटात.

ताईंनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि बोटाच्या पेराने त्या पोटावर टकटक केलं. एकदा, परत एकदा. मग कान लावला. सगळं हॉटेल बघत होतं. खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडू नव्हतं, राग होता.

"मालक कोण आहे?"

मालक प्रेमराज. तिशी-पस्तिशीचा, हसतमुख, गळ्यात सोन्याची साखळी. "ताई, जेवण बरं लागनं का?"

"हे कोणी ठोकलं?"

"इंटेरियरवालानी. भंगारमा सापडेल व्हतं, भुसावळकडनं." सगळे फोटो इथेच काढतात, हे तो अभिमानाने सांगायला लागला. "बठ्ठा लोके आठेच फोटो काढतस."

"हे वाद्य आहे, भाऊ. जिवंत वाद्य आहे. याच्या छातीत स्क्रू मारलेत तुम्ही."

प्रेमराज हसला. "ताई, जुनं शे ते. वाजत नही."

"तुम्ही वाजवून पाहिलं का?"

"माले कोठे येस वाजाडता!"

"मग वाजत नाही हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

ताईंनी तो विकत मागितला. पण प्रेमराज विकायला तयार नव्हता. भिंतीची शोभा जाईल, म्हणाला. त्याने आमच्या जेवणानंतर सगळ्यांना फुकट ताक पाठवलं. ताईंनी घेतलं नाही.

गाडीत मी हळूच विचारलं, "ताई, भुसावळच्या म्हाताऱ्याचाच असेल का हो तो?"

"माहीत नाही. तेव्हा मी लांब उभी होते." मग एकदम म्हणाल्या, "असला काय आणि नसला काय! कोणाचा का असेना, कोणीतरी वाजवत होतं ना त्याच्यावर? त्याच्या मानेवर अंगठ्याची घासलेली जागा आहे, पाह्यली का तू?"

पुढच्या रविवारी ताई एसटीने धुळ्याला गेल्या. त्या हॉटेलात जाऊन चहा मागवला आणि भिंतीजवळच्या टेबलावर बसल्या. कोणी फोटो काढायला आलं की उठायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "हा बेस आहे. याला असं तीन ठिकाणी भोसकलेलं आहे. इथे, इथे आणि इथे. हा दुरुस्त होऊ शकतो, पण मालक देत नाहीत." लोक फोन खिशात घालायचे. एका आजोबांना तर ते वाद्य ताईंचंच वाटलं; गल्ल्यावर जाऊन त्यांनी प्रेमराजला विचारलं, "का रे भो, त्या बाईनं वाद्य तू काबर दाबी ठेलं?" त्याच्या पुढच्या रविवारी ताई परत गेल्या. आणि त्याच्या पुढच्या रविवारीही.

चौथ्या आठवड्यात प्रेमराजचाच फोन आला. बेस द्यायला तो तयार होता, फक्त त्याला भीती होती भिंत मोकळी दिसण्याची. "तिठे काय लावू मी? तुमनं जुनं गिटार शे ना, ते द्या. तेच टांगी देस."

आबांकडून आलेला, तीस वर्षं वाजवलेला बेस! ताई फोनवर जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. फोन ठेवून त्या घरात दोन चकरा मारून आल्या आणि कपाटावरून लाल बेस काढला. "चल. हा टांगायच्याच लायकीचा आहे."

आम्ही तो घेऊन गेलो. प्रेमराजने तो उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "हाई तं तेनापेक्षा भारी दिखस!"

मला हसू आलं. ताईंना नाही आलं. त्या स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन खुर्चीवर चढल्या आणि तिन्ही स्क्रू आपल्या हाताने काढले. दुखऱ्या हातानेच. मला हात लावू दिला नाही.

जळगावात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी भोकं लाकडाच्या बारीक खुंट्यांनी बुजवली, आतून पातळ पट्ट्या चिकटवल्या. नशीब इतकंच, की इतकी वर्षं तारा नसल्यामुळे मान सरळ राहिली होती. पण तारेचा आवाज पकडून स्पीकरकडे पाठवणारं जे गुंडाळीचं यंत्र असतं, पिकअप, ते मेलेलं होतं. गिटार दुरुस्त करणाऱ्या मुंबईच्या एका माणसाने फोटो पाहून सांगितलं, नवा बसवा, जुना फेकून द्या. ताई म्हणाल्या, "आवाज त्याच्यातच आहे. फेकून द्या म्हणायला यांचं काय जातं?"

बोदवडला हितेंद्र नावाचा माणूस शेतातल्या पंपांच्या मोटारी वाइंडिंग करून देतो. ताईंच्या यजमानांच्या लांबच्या ओळखीतला. त्याच्या दुकानात दारापासूनच जळालेल्या मोटारी रांगेत ठेवलेल्या. त्याने पिकअप तळहातावर घेतला, भिंग लावून पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, हे मोटारीसारखंच आहे. फक्त तार केसाएवढी लागेल." या सगळ्या शोधात ताईंना काय पाहिजे ते एकदाही उलटं न विचारता समजून घेणारा हा पहिला माणूस. त्याने तार मागवली. पहिल्या दिवशी ती सात वेळा तुटली. आठव्या वेळी त्याने पंखा बंद केला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि श्वास रोखून हजारो फेरे हाताने गुंडाळले. ताई समोर स्टुलावर बसून होत्या. घामाने दोघंही निथळत होते.

चपट्या, गुळगुळीत तारा पुण्याहून आल्या. ताईंनी बेस मांडीवर घेतला. पोटाचं वळण बरगड्यांना टेकलं, मान आखूड असल्याने हात फार लांब न्यावा लागेना, आणि हात सोडला तरी मान होती तिथेच राहिली. त्यांनी सगळ्यात जाड तार एकदा छेडली. खोलीतल्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. ताई एकाच सुरावर कितीतरी वेळ थांबल्या, मग दुसरा घेतला. तासाभराने ताईंचे यजमान चहा घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. "आवाज बसका झाला ना जरा?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "बसका नाही. नीट बसलेला."

इथे ही गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर बोदवडलाच मगनभाऊंचा कार्यक्रम होता. मी आधी सांगून ठेवलं होतं, ताई येताहेत, बसून वाजवतील. दुपारी साउंड चेकला मोठे स्पीकर चालू झाले आणि पोकळ बेस शिट्टी मारायला लागला. मगनभाऊ कानावर हात ठेवून म्हणाले, "पाहिलंत?" ताईंना हे माहीत होतं. त्यांनी गादीवाल्याकडून फोमचे तुकडे कापून आणलेच होते. ते भोकांतून आत सरकवले, खुर्ची स्पीकरच्या रेषेतून बाजूला घेतली. शिट्टी थांबली. हेमांगीने एक कडवं गाऊन पाहिलं आणि डोळे मिटून नुसती मान हलवली.

मगनभाऊंनी ताईंची खुर्ची उचलली आणि मागे, पडद्याच्या आड नेऊन ठेवली.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"तसं नाही ताई. पण बाई माणूस स्टेजवर खुर्ची टाकून बसलीय... बरं दिसत नाही हो."

ताई उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही त्यांचा. "ढोलकीवाला बसतो. तबलेवाला बसतो. तुम्ही स्वतः स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून चहा पिता. मी बसले की तेवढं बरं दिसत नाही? मी काय इथे दिसायला आली आहे का?"

मगनभाऊ इकडेतिकडे बघायला लागले. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं, मी काहीतरी मिटवावं म्हणून. या वेळी मी बोललो. "भाऊ, ताई पुढे बसणार नसतील तर माझा डावा हात आज चालणार नाही."

"तुझ्या हाताला काय झालं?"

"काही नाही झालं."

त्यांनी खुर्ची परत पुढे आणली नाही. ताईंनी बेस पिशवीत घातला, हेमांगीच्या पाठीवर हात ठेवला आणि स्टेशनकडे चालत गेल्या. तो कार्यक्रम मी फक्त उजव्या हाताने वाजवला. मगनभाऊ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी अजून त्यांच्याकडेच आहे, पोट आहे मागे. त्यांनी आता एक नवा बेसवाला ठेवलाय. उभा राहून वाजवतो, केस छान उडवतो, सुरात क्वचित असतो.

ताई आता धुळ्याच्या एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत अहिराणी गाण्यांसाठी बेस वाजवतात. आठवड्यातून दोनदा जातात. तिथे त्यांच्या मापाची खुर्ची आहे, सकाळची वेळ असते, आणि खांदा पुष्कळ बरा आहे. गेल्या महिन्यात त्यांनी वाजवलेलं एक लग्नाचं गाणं इंटरनेटवर आलं आणि खान्देशभर वाजायला लागलं. रिक्षात, टपरीवर, हळदीत. परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा गाण्याखालची नावं त्या मला दाखवत होत्या. गायक बरोबर, गीतकार बरोबर, ढोलकी बरोबर. बेस गिटार: दीपक नेहेते.

"दीपक!" ताई म्हणाल्या. "यादी करणाऱ्याला वाटलं, बेसवर बाईचं नाव म्हणजे लिहिताना चुकलं असेल. म्हणून त्याने दुरुस्त करून घेतलं."

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. पलीकडच्याने माफी मागितली, आज बदलतो म्हणाला. हे तो अकरा दिवस म्हणतो आहे. ताई रोज सकाळी दहा वाजता त्याला फोन करतात.